आमच्या घरचे ड्रॅगन

आमच्या घरात सध्या २३ ड्रॅगन आहेत. हा आकडा काल रात्रीचा. आज सकाळी आणखी एक अंडे फुटायचे होते, तेव्हा एव्हाना २४ झालेही असतील. नवापुरात जिवांचे पालन करणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. इथे एकेका शेडमध्ये पाच-पाच, दहा-दहा हजार कोंबड्या असतात आणि त्यांची मोजदाद कोणी बोटांवर करीत नाही. पण ड्रॅगन बाळगणारे घर आमच्या गल्लीत, निदान माझ्या माहितीत, आमचे एकच. त्यांना गोठा लागत नाही, कडबा लागत नाही, वासाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. ते सारे माझ्या नातीच्या, म्हणजे खरे पाहता तिच्या आईच्या, फोनमध्ये सुखाने नांदतात. रात्री तेवढा चार्जर लावून ठेवावा लागतो.

नात नऊ वर्षांची आहे. तिने या प्राण्यांना जी नावे ठेवली आहेत ती खेळ बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आली नसतील. तोंडातून जाळ काढणारा एक तांबडा आहे, त्याचे नाव मिरची. नंदुरबारच्या पथारींवर मिरच्यांचा जो तांबडाभडक गालिचा पसरतो तो तिने येता-जाता पाहिला आहे आणि शिंकाही भरपूर दिल्या आहेत. त्यामुळे आग आणि मिरची यांचे नाते तिला कोणी शिकवावे लागले नाही. पाण्यातला निळा तो रंगावली, आमच्या गावच्या नदीवरून. मातीच्या जातीचा एक सुस्त, गोल पोटाचा आहे, तो ढेकूळ. आणि अंगातून विजेच्या ठिणग्या उडवणारा, पण निम्मा वेळ डुलक्या घेणारा जो आहे, त्याला ती लोडशेडिंग म्हणते. हे शेवटचे नाव माझ्या चिरंजीवांनी सुचवले असावे असा मला दाट संशय आहे.

ड्रॅगन हा प्राणी मुळात आपला नव्हे. आपल्याकडे शेष आहे, वासुकी आहे, कालिया आहे. पण पंख असलेला, आग ओकणारा, सोन्याच्या राशीवर वेटोळे घालून बसणारा सरडा आपल्या आजीबाईंच्या गोष्टींत आढळत नाही. मराठीत त्याला धड शब्दही नाही. माझ्या लहानपणी हा ड्रॅगन भेटायचा तो वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांत, चीन देशाच्या वतीने उभा केलेला. तरीही नातीच्या खांद्यावरून त्या पडद्यावर मी प्रथम डोकावलो तेव्हा तो मला अगदीच परका वाटला नाही, आणि त्याचे कारण आमच्या शेजारीच आहे. नवापूर सोडून गुजरातेत शिरले की पुढे सोनगड तालुका लागतो. तिथे देवळीमाडीला, आणि त्या साऱ्या टापूत गामित, चौधरी, वसावा लोकांच्या देवस्थानांत, लाकडाच्या मगरी पुजल्या जातात. एबरहार्ड फिशर आणि हकू शाह या दोघा अभ्यासकांनी या मगरदेवांवर एक सबंध पुस्तक लिहिले, ते १९७१ साली निघाले. लांबट जबडा, रांगेने कोरलेले दात, जाडजूड शेपूट! त्या मगरीला पंख लावले तर ती आमच्या मिरचीची थोरली बहीण शोभेल. फरक एवढाच, की मगरदेवाला माणूस पाळीत नाही. मगरदेव माणसाला पाळतो.

तर हा खेळ असा. समुद्रात बेटे असतात. त्यांवर ड्रॅगनांसाठी घरे बांधायची, शेतात त्यांचे अन्न पिकवायचे, ते त्यांना भरवायचे. चार वेळा भरवले की स्वारी एका यत्तेने वर चढते. आधी पिल्लू, मग आडदांड पोरगे, मग पुरता वाढलेला. दोन मोठ्यांची जोडी लावली की अंडे मिळते. मातीचा आणि आगीचा अशी जोडी लावली तर पोटात ज्वालामुखी घेऊन फिरणारा तिसराच कुणी जन्माला येतो. आणि एवढी सारी निगराणी झाली की त्यांना दुसऱ्यांच्या ड्रॅगनांशी लढायला पाठवायचे. ३२ वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला, पण इतकी बेटे मला एका वेळी कधी सांभाळावी लागली नव्हती.

मला यातली डोळ्यांत भरली ती अंड्याची गोष्ट. साध्या जातीचे अंडे काही सेकंदांत फुटते. त्याहून बऱ्या जातीचे असेल तर काही तास. आणि दुर्मीळ जात असली की दीड-दोन दिवससुद्धा लागतात. खरे दोन दिवस, भिंतीवरच्या घड्याळातले. फोन बंद करून उशाखाली ठेवला तरी अंडे आपले उबतच राहते. नात शाळेत जाते, डबा खाते, पाढे म्हणते, मैत्रिणीशी भांडते, आणि मनाच्या एका कोपऱ्यात सारा वेळ अंडे असते. हे पाहून मला माझ्या आईची खुडूक कोंबडी आठवली. आई पाटीत गवत पसरून त्यावर अंडी मांडी. नऊ नाहीतर अकरा. आकडा विषमच हवा, असा तिचा दंडक होता, आणि त्यामागचे शास्त्र विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. मग एकवीस दिवस ती कोंबडी जगाला विसरून बसे. दाणे टिपायला उठली तर तेवढीच. सातव्या-आठव्या दिवशी रात्री आई एकेक अंडे कंदिलासमोर धरी. आत तांबड्या रेषांचे जाळे दिसले की ते पुन्हा पाटीत. नितळ दिसले की बाजूला. त्या कंदिलाच्या उजेडात अंड्याच्या आत काहीतरी हलताना पाहिले, तो क्षण माझ्या सबंध शिक्षणातला सर्वांत मोठा धडा होता असे म्हटले तर माझ्या गुरुजनांना राग येऊ नये. एकविसाव्या दिवशी कवचाला बारीकसा टवका उडे. तो उडवण्यासाठी पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक इवलासा दात असतो, तो काम झाले की गळून पडतो. आम्ही पोरे मदतीला बोटे पुढे करू. आई हातावर चापट मारी. बाहेर यायचे ते त्याचे त्यानेच.

खेळात मात्र या वाट पाहण्यावर उतारा आहे. रत्ने टाकली की अंडे तत्क्षणी फुटते. रत्ने थोडीफार खेळता खेळता मिळतात, बाकीची पैसे मोजून घ्यायची. म्हणजे सगळा व्यापार या एका युक्तीवर उभा आहे: आधी माणसाला वाट पाहायला लावायचे आणि मग वाट न पाहण्याची किंमत घ्यायची. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरातल्या सोशल पॉइंट नावाच्या कंपनीने या जातकुळीचा 'ड्रॅगन सिटी' हा खेळ २०१२ साली काढला, आणि २०१७ साली टेक-टू या अमेरिकन कंपनीने ती कंपनीच्या कंपनी २५ कोटी डॉलरला विकत घेतली. अंडी उबवून एवढा पैसा आमच्या नवापुरात कोणाला सुटल्याचे ऐकिवात नाही. आमची नात रत्ने वापरीत नाही. खेळून मिळालेली तिच्यापाशी तशीच साठून राहिली आहेत. कारण विचारले तर म्हणाली, "घाईने काढलेलं पिल्लू अशक्त निघतं, आजोबा." असे त्या खेळात कुठेही लिहिलेले नाही. हे तिने काकाच्या शेडवर कधीतरी ऐकलेले.

पाळण्याच्या या खेळांचा थोडा इतिहास आहे, आणि तो मला फार विचार करायला लावतो. १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये बांदाई कंपनीने 'तामागोची' नावाचे एक खेळणे काढले. तामागो म्हणजे जपानीत अंडे. मुठीत मावणारी, अंड्याच्याच आकाराची ती डबी. तिच्या काचेवर एक जीव जन्माला येई, त्याला भूक लागे, त्याची घाण काढावी लागे, तो आजारी पडे. आणि हयगय झाली तर तो मरे. जपानी मुलाला काचेवर भूत आणि थडगे दिसे. तेच खेळणे अमेरिकेत गेले तेव्हा थडगे काढून टाकले आणि पंख लावून त्या जिवाची रवानगी आकाशात केली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जपानमध्येच 'पोकेमॉन' निघाला. तो काढणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करीत हिंडायचे. आपल्याकडची पोरे सोनकिडा काडेपेटीत ठेवून त्याला पाला भरवतात, त्यातलाच प्रकार. पोकेमॉनमध्ये झुंज आहे, पण हरलेला मरत नाही, मूर्च्छित पडतो. मग आले ड्रॅगन. २०११ च्या 'ड्रॅगनव्हेल'मध्ये मुख्यतः पाळणेच होते. वर्षभराने आलेल्या 'ड्रॅगन सिटी'त पाळण्याच्या जोडीला लढाई आली, पण मरण काही आले नाही. हरलेला जरा दमतो, मान खाली घालतो, आणि घटकाभराने पुन्हा आपल्या बेटावर शेपटी हलवीत उभा. पंधरा-सोळा वर्षांत मुलांच्या खेळण्यातून मरण असे हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता, काढून घेतले गेले. ते चांगलेच झाले, असे मी बराच काळ समजत होतो. आताही त्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. फक्त आमच्या घरात तो हिशेब जरा वेगळा बसला.

त्यासाठी आमच्या गावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा सीमेची रेघ नेमकी आमच्या रेल्वे स्टेशनातून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्यावर दोघे मित्र शेजारी शेजारी बसले तर ते दोन राज्यांत बसतात. परगावचे लोक तिथे हौसेने फोटो काढून घेतात; आम्हाला त्याचे काही वाटेनासे झाले आहे. एका अंगाला सुरतची बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला खानदेश, अशा या मधल्या गावात कोंबड्यांचा धंदा चांगला रुजला. माझ्या धाकट्या भावाने नोकरीच्या मागे न लागता शेड घातली ती याच ओढीने. पाच हजार पक्षी. सगळ्या अंड्याच्या जातीच्या.

एक दिवसाचे पिल्लू तुम्ही कधी हातात घेतले आहे का? वजन असे काही लागतच नाही. लागते ती फक्त ऊब आणि एक अतिशय वेगाने चाललेली टकटक. पिल्ले येत ती रात्री, पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या खोक्यांतून. प्रवासाने शिणलेली असत म्हणून आधी गुळाचे पाणी. खाली भाताचा तूस, त्यावर कागद, वर दिवे. पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब हवी, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करीत न्यायची. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर समजावे थंडी वाजते आहे. भिंतीकडे पळाली तर उकडते आहे. पसरून निवांत टिपत असली तर आपणही जेवायला जावे. मरेकची लस उबवणी केंद्रातूनच टोचून येई. आठवड्याच्या आत लासोटाचा थेंब डोळ्यात, मग गंबोरो, मग देवीची लस. अठरा-वीस आठवडे नुसते खाऊ घालायचे, आणि मग एके दिवशी पहिले अंडे. लहानसे, कधी कवचावर रक्ताचा ठिपका असलेले. भाऊ ते पहिले अंडे देवापुढे ठेवी. आमच्या घरात देवापुढे अंडे चालत नाही, पण त्या एका अंड्याबद्दल आमची आई काही बोलत नसे.

२००६ साल उजाडले आणि गावातल्या शेडमधून मरतूक वाढू लागली. मानमोडी असेल, असे सगळे म्हणाले. मानमोडी ओळखीची, पिढ्यान् पिढ्या येते आणि जाते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी सरकारने जाहीर केले की नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला आहे. साऱ्या भारतात तो तोवर कधी सापडला नव्हता. ज्या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कोणी घेत नसे, ते त्या रात्री जगभरच्या बातम्यांत होते. मग पांढरे पोशाख घातलेली, तोंडे झाकलेली माणसे आली. खड्डे खणले गेले, चुन्याची पोती उतरली. आजारी आणि धडधाकट असा भेद नव्हता. ठरलेल्या परिघातला प्रत्येक पक्षी. आकडा लाखांत गेला. रोगाला स्टेशनावरची रेघ ठाऊक नव्हती, त्यामुळे पलीकडच्या उच्छलमध्येही तेच. शहरांतून लोकांनी अंडी खाणे सोडले. माणसांपैकी कोणाला त्या वेळी लागण झाल्याचे निघाले नाही, एवढे नशीब.

पाच हजार कोंबड्यांच्या शेडला एक आवाज असतो. तो अहोरात्र चालू असतो, म्हणून ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी तो थांबला आणि तेव्हा आम्हाला तो ऐकू आला. भाऊ ओट्यावर बसला होता. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. "आते काय करानं, दादा?" एवढे तो म्हणाला. पोटापाण्याबद्दल तो विचारीत होता असे इतरांना वाटले. नुकसानभरपाई मिळाली, शेड धुतली गेली, ठरलेली मुदत रिकामी राहिली आणि पुन्हा पिल्ले आली. धंदा म्हटला की हे आलेच. पहाटे चारला उठायची सवय मात्र त्याला त्या रिकाम्या महिन्यांतही सुटली नाही. तो उठे, शेडपर्यंत जाई, आणि परत येऊन अंथरुणावर बसून राही.

नातीचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांचा. ही गोष्ट तिला कोणी मुद्दाम सांगितलेली नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू नवापुरात पुन्हा आला, तेव्हा ती पाच वर्षांची होती. शेड आता पुतण्या पाहत होता. कोरोनामुळे शाळा बंद, फोनवर शाळा चाललेली, आणि उरलेला वेळ ही पोर शेडच्या दाराशी. शेडमधल्या कोंबड्यांना नावे नसतात. हजारोंना नावे ठेवायची म्हटली तर पंचांग पुरायचे नाही. एकीला मात्र होते. पाय अधू म्हणून पिंजऱ्यातून काढून अंगणात सोडलेली एक होती, तिला नात लंगडी म्हणे. लंगडी तिच्या हातून मक्याचे दाणे खाई आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत येई. पांढऱ्या पोशाखातली माणसे याही वेळी आली. त्यांच्यातला जो पुढे होता तो पंचविशीचा असेल. अंगणातली कोंबडीही न्यावी लागेल हे सांगताना त्याने खाली पाहिले, हे मला दिसले. नियम बरोबर होता. मी नातीला घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि तिला नकाशाचे पुस्तक दाखवीत बसलो. तिने विचारले नाही. संध्याकाळी मक्याची वाटी तिने स्वतःच फडताळात ठेवली.

आता ड्रॅगनांकडे येतो. तेवीसच्या तेवीस धष्टपुष्ट आहेत. शेते पिकताहेत, बेटे गजबजली आहेत, पण आमचे संस्थान बराच काळ एकाच जागी अडकून पडले आहे, कारण नात त्यांना लढाईला पाठवीत नाही. खेळ तिला रोज बोलावतो. तलवारींचे चित्र उड्या मारते, बक्षिसांची पेटी उघडझाप करते. ती ते बाजूला सारते आणि ढेकळाला भरवते. शेजारचा मुलगा, तिच्याच वर्गातला, तिला समजावून थकला. "अगं, मरत नाहीत ते! जरा वेळाने उठतात परत." ती म्हणे, "माहीत आहे." त्या मुलाला वाटे हिला खेळ कळलेला नाही. मला वाटते, तिला तो फार कळला होता. एकदा तिने मला विचारले होते, "यांना लस कुठे टोचायची?" आम्ही दोघांनी मिळून सगळी बटणे शोधली.

पाळणारा माणूस झुंजायला पाठवतच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तसा सिद्धान्त मांडायला मला आवडला असता, पण जग तसे नाही. कोंबडे झुंजवणारे लोक मी पाहिले आहेत. १९६० च्या कायद्याने त्या झुंजींना मनाई आहे, आणि ती योग्यच आहे; पण त्या माणसाइतके कोंबड्याचे कौतुक कोणी करीत नाही हेही खरे. तो त्याला निवडून निवडून खाऊ घालतो, मांडीवर घेऊन त्याचे पाय चोळतो, त्याच्याशी बोलतो, आणि मग त्याच पायाला पाते बांधतो. आमच्याच जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. परवाच्या मार्गशीर्षात नातीला घेऊन गेलो होतो. चारी पाय आणि कपाळ पांढरे असले की पंचकल्याणी, अमक्या जागी भोवरा असला तर शुभ, तमक्या जागी असला तर खोट, असे जाणकार सांगत होते, आणि ही गंभीरपणे ऐकत होती. दुर्मीळ ड्रॅगन पारखायची तिला सवय होती. एक मालक आपल्या शिंगराचे तोंड छातीशी धरून उभा होता. त्याने ते अंगावर वाढवले होते हे दिसत होते. दुपारी सौदा झाला. पैसे मोजून घेताना तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा घेणाऱ्यानेच मोजून दिले. पाळणे आणि पाठवणे ही दोन्ही एकाच हाताला करावी लागतात, हे त्या बाजारात उघड्यावर चालले होते. नात घरी येईपर्यंत बोलली नाही. गाडीत तिने फोनही मागितला नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती माझ्याकडे फोन घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, एकदा तुम्ही लढा."

मी का, हे मी विचारले नाही. लढाईला तिघे लागतात. तिने ढेकूळ दिला, लोडशेडिंग दिला आणि ज्वालामुखीवाला दिला. मिरची नाही म्हणजे नाही. मी चष्मा लावला. समोर दुसऱ्या कुणाचे तीन ड्रॅगन उभे होते. त्यांतला पुढचा पांढुरका, मोठ्या कानांचा, माझ्याकडे जरा बावचळून पाहतो आहे असे मला वाटले. माझ्या बोटाखाली ढेकळाने पहिली धोंड फेकली. नात माझ्या पाठीमागे तोंड लपवून होती आणि दर वेळी, "लागलं का? कोणाला लागलं?" असे विचारीत होती. मी रणभूमीवरचा संजय झालो. लोडशेडिंगने अनपेक्षित पराक्रम केला. चार-पाच मिनिटांत सगळे आटोपले; आम्ही जिंकलो. पडद्यावर सोन्याची नाणी उसळली, वाजंत्री वाजली. पांढुरक्या कानवाल्याने मान खाली घातली आणि तो दिसेनासा झाला.

नात पुढे आली. आधी तिने आपल्या तिघांना नीट पाहून घेतले. मग विचारले, "तो कुणाचा होता?"

समोरच्या मालकाच्या नावाच्या जागी नुसता एक लांबलचक आकडा होता. माणसांना आकडे देण्यात आमचा जिल्हा कोणाला हार जाणारा नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातल्या टेंभलीलाच दिला गेला. पण त्या आकड्यावरून ते मूल मुंबईचे की मनिलाचे, मुलगा की मुलगी, हे काही मला सांगता येईना.

"असेल कुणा मुलाचा," मी म्हणालो.

"त्याला आता भरवतील ना?"

"भरवतील की."

ती जरा वेळ गप्प राहिली. ढेकळाला तिने चार वेळा भरवले. तो एका यत्तेने वर चढला, तिकडे तिचे लक्ष नव्हते.

"पण त्यांच्याकडे आत्ता रात्र असेल तर? ते मूल झोपलं असेल तर?"

मी टेबलावरचा पृथ्वीचा गोल पुढे ओढला, बॅटरी आणायला तिला आत पाठवले, आणि खिडकी लावून घेतली.